सुया राहणार

लखनौच्या आमच्या मानक नगर रेल्वे कॉलनीत कुणी रिटायर झालं की दोन समारंभ होतात. एक हारतुऱ्यांचा, तो ऑफिसात. दुसरा कुंड्यांचा, तो क्वार्टरच्या अंगणात. गर्दी दुसऱ्यालाच जास्त. ट्रकवाला फ्रीज नेतो, दिवाण नेतो, कुंड्या दिसल्या की मात्र हात जोडतो. मग घरची बाई शेजारणींना बोलावते, चहा-समोसे देते आणि एकेक कुंडी वाटून टाकते. मी मूळची कोल्हापूरची. ह्यांच्या नोकरीपायी इथे आले आणि इथलीच झाले. माझी अर्धी बाग अशी दुसऱ्यांच्या निवृत्तीवर उभी आहे. मोगरा एका मोठ्या साहेबांचा आहे, कढीपत्ता त्यांच्या हाताखालच्यांचा. मोगऱ्याचा रुबाब अजून उतरलेला नाही.

समोरच्या क्वार्टरमधले काका गावी निघाले तेव्हा वाटून वाटून शेवटी एकच कुंडी उरली. पसरट, कडेचा टवका उडालेली, आणि तिच्यात हातभर उंचीचं, कमरेत वाकलेलं एक झाड. कुणी घेईना. एकीने हात लावला आणि "उई!" करून मागे घेतला. मी घेते म्हणून दोन्ही हात वर केले. एका हाताने माझं कधी भागत नाही.

"काका, हे काय आहे?"

"जुनिपर है."

"कौनसा जुनिपर?"

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना विचारलं होतं की तुम्ही माणूस आहात हे कळलं, पण नेमके कुठल्या प्रकारचे? म्हणाले, "अरे बहू, जुनिपर है. धूप में रखना."

घरी आणून बाल्कनीत ठेवलं. ह्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि रेल्वेचा डबा तपासावा तसं झाड खालून वर तपासलं. "अगं, याला दोन तऱ्हेची पानं आहेत. वर बारीक दोरीसारखी, खाली सुया. जोडणीत काहीतरी घोटाळा आहे."

"घोटाळा नाही, वैशिष्ट्य आहे," मी म्हटलं. तेव्हा मला काहीही माहीत नव्हतं. पण माझ्या घरात आलेल्या वस्तूला कुणी घोटाळा म्हटलं की माझा तोल जातो.

जुनिपरची जात माहीत नसेल तर ते कसं छाटायचं हे कळत नाही, आणि चुकीचं छाटलं तर त्याच्या फांद्या जातात. एवढं वाचल्यावर मी शहरातल्या बोन्साय क्लबाची मेंबर झाले. महिन्यातून एका रविवारी शहराच्या दुसऱ्या टोकाला एका बंगल्याच्या हिरवळीवर हा क्लब भरतो. मी मांडीवर झाड घेऊन निघाले. चारबागला ई-रिक्षा बदलावी लागते. तिथे स्टेशनबाहेर मी कुंडी कवटाळून उभी, तर एक कुली थांबला. "बहनजी, इनका भी टिकट लगेगा." मी म्हटलं, "बुज़ुर्ग हैं, भैया. इनको छूट है." तो इतका हसला की त्याच्या डोक्यावरची बॅग हलली.

आमच्या क्लबात झाडांचं बारसं करण्याचा मान एका दंतवैद्यांकडे आहे. सगळे त्यांना डॉक्टरसाहेब म्हणतात. माणूस खरा जाणकार आहे, हे आधीच सांगून टाकते. ज्याच्याशी भांडायचं त्याची उंची आधी नीट सांगावी, म्हणजे आपली आपोआप कळते. शिवाय अस्सल लखनवी. आवाज कधी वर जात नाही. तुमचं झाड मेलेलं असेल तर म्हणतील, "माशाल्लाह, गमला बहुत ख़ूबसूरत है."

त्यांनी माझ्या झाडाभोवती एक फेरी मारली. वरच्या फांदीचा शेंडा दोन बोटांत धरून हलकेच फिरवला. तिथली पानं सुईसारखी नव्हती, माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक चिकटलेली, त्यामुळे डहाळी गोल आणि मऊ लागत होती. एक कण चुरडून त्यांनी नाकाशी धरला, डोळे मिटले.

"शिम्पाकू," ते म्हणाले.

बायकांनी "वाह!" केलं. बोन्सायवाल्यांत शिम्पाकू म्हणजे पैठणी. जपानी वाण, मऊ, दाट, आखीव. बाकीची जुनिपरं रोजच्या वापरातली सुती. फुकट मिळालेल्या टवक्याच्या कुंडीतून पैठणी निघाली, तर माझ्या चेहऱ्याचं काय झालं असेल तुम्हीच बघा.

"और ये सुइयाँ, डॉक्टरसाब?"

"बचपना है, भाभीजी. जुनिपर को ज़्यादा काटिए, तंग कीजिए, तो वो बच्चों वाले पत्ते निकालने लगता है. समझिए, दूध के दाँत हैं." खिशातून पांढऱ्या रुमालात गुंडाळलेली कात्री निघाली. "निकाल देते हैं."

हे अर्धं खरं आहे आणि म्हणूनच सगळे फसले, मीही. जुनिपरची कोवळी पानं सुयांची असतात, पिकल्यावर खवल्यांची येतात, आणि झाड दुखावलं की पुन्हा सुया फुटतात. डॉक्टरसाहेबांनी सगळ्यांसमोर सगळ्यात खालच्या फांदीवरच्या सुया काढल्या. त्या फांदीवर जवळजवळ सुयाच होत्या. टोकाला खवल्यांचा एक तुरा तेवढा उरला. टाळ्या पडल्या. फांदी सोलून ठेवलेल्या शेंगेसारखी दिसत होती.

जुनिपर मेलं तरी लगेच सांगत नाही. आठवडेच्या आठवडे हिरवं राहतं आणि तुम्ही आपले कौतुकाने पाणी घालत राहता. मग तो तुरा एके दिवशी धूळ बसल्यासारखा दिसला. मी पुसला. धूळ नव्हती. पुढे तो तपकिरी झाला आणि बोट लावल्यावर गळून पडला. उघड्या लाकडावर जुनिपरला नवा कोंब सहसा फुटत नाही. हिरवं काढलं की फांदी गेली.

मी डॉक्टरसाहेबांना फोन केला. "बड़ा अफ़सोस हुआ, भाभीजी. अब आप उसकी छाल छील दीजिए. सफ़ेद सूखी डाल बोन्साय की शोभा होती है."

म्हणजे आधी दात काढायचा आणि मग म्हणायचं, आता याची माळ करून गळ्यात घाला. मी साल सोलली, कारण फांदी तर गेलीच होती आणि दिसायला ती खरंच छान झाली. पण त्याच दिवशी घरात जाहीर केलं की याची खरी जात कळेपर्यंत या झाडाला कुणीही कात्री लावणार नाही. लेक कॉलेजात, तिच्याशी मी मराठीत बोलते, ती मला हिंदीत उत्तर देते. "मम्मा, कोई लगा भी नहीं रहा," ती म्हणाली. खरं होतं. पण घोषणा करायला कुणी विरोधक लागतोच असं नाही.

मग माझी शोधमोहीम सुरू झाली. लखनौच्या नर्सऱ्यांत जाऊन "जुनिपर दाखवा" म्हणा. चार ठिकाणी चार वेगळी झाडं पुढे येतात आणि चौघेही ठामपणे सांगतात, जुनिपर यही है. पहिल्याने मला मोरपंखी दाखवली. ती तर इथे प्रत्येक फाटकाशी उभी असते. तिची डहाळी पंख्यासारखी चपटी, जणू पुस्तकात दाबून ठेवलेली. माझं झाड गोल होतं. मोरपंखी बाद. दुसऱ्याकडे जमिनीवर पसरणारं जुनिपर होतं, त्याला सुयाच सुया, एकेका ठिकाणी तीन-तीन, आणि सुईवर पांढरट रेघा. तेही बाद, कारण माझ्याकडे खवलेही होते. डॉक्टरसाहेबांच्या घरचं खरंखुरं शिम्पाकू मी एका मीटिंगला हात लावून पाहिलं, गाल लावून पाहिलं. मांजराच्या पाठीसारखं. माझ्या झाडाला गाल लावला तर लाल ठिपके उठले आणि हे म्हणाले, "तुला डास चावले की कुणी मारलं?"

राहिला प्रश्न एवढाच, की माझं झाड दुखावलेलं शिम्पाकू आहे, की जन्मभर दोन्ही पानं घालणारी एखादी निराळीच जात. ह्याचं उत्तर पुस्तकात नव्हतं. लेकीने फोटो काढून कुठल्याशा जुनिपरवेड्यांच्या ग्रुपवर टाकले, तिथे सतरा मतं आली. पण त्यातल्या एकाने लिहिलेलं मला पटलं. झाडाला सोडून द्या. एक फांदी निवडा आणि तिला अजिबात हात लावू नका. दुखावल्यामुळे आलेल्या सुया असतील तर झाड सावरेल तसे पुढचे शेंडे खवल्यांचे होत जातील. जात मिश्र असेल तर फांदी जोमाने वाढेल आणि तरीही दोन्ही पानं येतच राहतील.

मी समोरची मोठी फांदी निवडली. झाडाचा सगळा तोल तिच्यावर आहे, ती गेली तर उरेल नुसता वाकलेला खुंट. खूण म्हणून तिला लाल धागा बांधला आणि विसरून गेले. कॉलनी विसरली नाही. दोनचार दिवसांत खालच्या मजल्यावरची शेजारीण विचारू लागली, "दीदी, कौन सी मन्नत है?" आता इतका सुंदर प्रश्न कुणी विचारल्यावर खरं उत्तर द्यायचं म्हणजे पाप. मी आवाज खाली आणला. "बोलने से टूट जाती है." झालं. येता-जाता बायका खालून बाल्कनीकडे बघून हात जोडायला लागल्या. एकीने तर मुलाच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी वर येऊन उदबत्ती लावली. मुलगा पास झाला. पेढे मी घेतले.

लखनौचा उन्हाळा आला, लूची भाजणारी झळ आली, दुपारी मी कुंडीवर जुनी ओली चादर धरली. पावसाळा गेला. पुढचा वसंत आला. धाग्याच्या पुढे फांदी बोटबोट वाढली, गडद, टवटवीत, कुठेही रोगट नाही. आणि एकाच डहाळीवर इथे खवले, तिथे सुया, पुन्हा खवले. जुनिपरवेड्यांनी नाव सांगितलं ते मी इतर फोटोंशी, खोडाशी, पानाच्या रंगाशी ताडून पाहिलं आणि माझी खात्री पटली. सॅन होजे. अमेरिकेतल्या गावाचं नाव असलेली, राकट, दणकट जात. आमच्या क्लबात तिला सैन जोस म्हणतात आणि जरा खालच्या पायरीवर बसवतात. हिच्या सुया बालपणाच्या नव्हेत. म्हातारपणीही राहतात. त्या उपटणं म्हणजे झाडाचं अर्धं अन्न उपटणं.

पैठणी गेली, सुती आली. मला मनापासून आनंद झाला. आता निदान काय करायचं नाही हे कळलं होतं.

जानेवारीत क्लबाचं प्रदर्शन असतं. आदल्या दिवशी हॉलमध्ये झाडं मांडायची. मी माझी पाटी स्वतः लिहून नेली होती: 'जुनिपर, सॅन होजे'. डॉक्टरसाहेबांनी ती वाचली, खिशातून दुसरी पाटी काढली. छापील. 'शिम्पाकू'.

"भाभीजी, गुस्ताख़ी माफ़. नाम तो हम तय कर चुके हैं."

"मेरी तरफ़ से भी माफ़ी, डॉक्टरसाब. झाडाने वेगळं ठरवलं आहे." मी चिडले की अर्ध्या वाक्यात मराठीत शिरते. मग हिंदीत सगळं सांगितलं. धागा, फांदी, दोन्ही पानं.

ते नम्रपणे ऐकत होते. ऐकता ऐकता पांढरा रुमाल उलगडत होते. "मुमकिन है, मुमकिन है. लेकिन नुमाइश की मेज़ पर पेड़ साफ़-सुथरा होना चाहिए. ये सामने वाली डाल से सुइयाँ मैं निकाल देता हूँ. दो मिनट का काम है."

समोरची फांदी. माझी धाग्याची. मागे एका फांदीचा तुरा धूळ होऊन माझ्या बोटांवर आला होता, ते मला पुन्हा बघायचं नव्हतं. मी काय केलं असेल? भाषण? भाषण माझ्याजवळ तयार होतं, पण वेळ नव्हता. मी कुंडी उचलली, जवळच्या खुर्चीवर बसले आणि झाड मांडीवर घेऊन त्यावरून पदर ओढून घेतला.

हॉल थांबला. कोणी जमिनीवर गुडघे टेकून ट्रेमधलं शेवाळ लावत होतं, ते तसंच वर बघत राहिलं.

"भाभीजी, ये आप क्या कर रही हैं?"

"बैठी हूँ."

"कब तक?"

"आपके पेशंट कब से हैं आज?"

कुणीतरी फिसकन हसलं. क्लबाच्या अध्यक्षा धावत आल्या. प्रेमळ बाई, शांतता राखण्यासाठी काहीही करतील. "अरे दीदी, छोटी सी बात है. ज़रा सी सुइयाँ."

"मॅडम, ही छोटी गोष्ट नाही. छोटी बात नहीं है. ये डाल गई तो पेड़ गया. और ये सुई बीमारी नहीं, इसका चेहरा है. आपकी नाक लंबी है, कोई काटता है?" अध्यक्षांचं नाक खरोखर लांब आहे हे माझ्या उशिरा लक्षात आलं. तीर सुटला होता.

डॉक्टरसाहेब तेवढेच मंद हसले. "समिति का नियम है, भाभीजी. तख़्ती हमारी, या मेज़ नहीं."

"तो मेज़ नहीं."

मी उठले, झाड घेऊन हॉलच्या बाहेर पायऱ्यांवर आले, आणि सगळ्यात वरच्या पायरीवर, जिथे दुपारी ऊन येतं तिथे, ठेवलं. माझी हाताने लिहिलेली पाटी लावली. तिच्याखाली आणखी एक ओळ लिहिली: 'दोनों पत्ते इसी के हैं. कैंची न लगाएँ.' घरी फोन केला. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "टेबल आणू की सतरंजी?" ह्यांच्याशी मी का लग्न केलं हे मला वर्षातून असं एक-दोनदा आठवतं.

आता लखनौची जानेवारी. धुकं दुपारपर्यंत हटत नाही, आणि बंद हॉलमधली फरशी म्हणजे बर्फाची लादी. दुसऱ्या दिवशी लोक आत जायचे, झाडं बघायचे, आणि हात चोळत उन्हासाठी बाहेर यायचे. बाहेर मी. सतरंजी, थर्मास, शेंगदाण्याचा पुडा आणि झाड. मग काय. "आइए, हाथ लगाइए. नहीं नहीं, ऊपर नहीं, यहाँ. चुभा? अब यहाँ लगाइए. नहीं चुभा? वही पेड़ है!" एक आजोबा नातीला घेऊन आले, तिने तर प्रत्येक डहाळीला बोट लावून हिशोब केला, "ये वाला ग़ुस्सा, ये वाला प्यार." मला इतका चांगला परीक्षक आत कोणी दिसला नव्हता. दुपारी आतल्या टेबलांपेक्षा पायऱ्यांवर जास्त माणसं होती. ती ऊन खायला आली होती, मान्य. कुणाच्या निमित्ताने का होईना.

चारच्या सुमाराला डॉक्टरसाहेब चहाचा कप घेऊन बाहेर आले आणि माझ्याहून एक पायरी खाली उभे राहिले. झाडाकडे नाही, समोर फाटकाकडे बघत म्हणाले, "भाभीजी, अगर ये सैन जोस है, तो मेरे घर पर भी दो हैं."

"अच्छा?"

"बरसों से हर इतवार उनकी सुइयाँ निकालता हूँ. हर इतवार नई आ जाती हैं. बेगम कहती हैं, मैं उनसे कम, इन पेड़ों से ज़्यादा लड़ता हूँ."

खरं सांगते, टोमणा माझ्या जिभेवर बसलेला होता, पाय हलवत. पण त्यांचा चहा कपात निवत चालला होता आणि त्यांनी घोटही घेतला नव्हता. मी म्हटलं, "इस इतवार मत निकालिए. फिर देखिए."

"लोग कहेंगे, डॉक्टर को नाम नहीं आता."

"मैं किसी को नहीं बताऊँगी आप कौन हैं."

ते वचन मी पाळलं आहे. नाव कुठे घेतलंय का बघा.

पण माणसाचं मन हललं तरी समितीचं हलायला वेळ लागतो. संध्याकाळी बक्षिसं झाली आणि अध्यक्षा पुन्हा बाहेर आल्या, मफलर नाकापर्यंत ओढून. मी त्यांच्या नाकाकडे बघायचं टाळलं. "चलिए दीदी, ग़ुस्सा थूकिए. सबकी फोटो हो रही है. आपका पेड़ भी बीच में रखेंगे. शिम्पाकू वाली तख़्ती भी नहीं लगाएँगे, बस." मग अगदी हळू, लाडात, "सामने की दो-चार सुइयाँ, फोटो में बिखरी-बिखरी लगती हैं ना. उतनी ही."

डॉक्टरसाहेब दारात उभे होते. खिशाकडे त्यांचा हात गेला नाही, हे मी पाहिलं. ते काही बोललेही नाहीत, हेही पाहिलं.

"दो भी नहीं," मी म्हटलं.

"एक फोटो के लिए, दीदी?"

"एका फोटोसाठी तर मुळीच नाही."

फोटो निघाला. आत सगळे दाटीवाटीने उभे राहिले, पुढे झाडं, मागे माणसं. मी पायरीवरून बघितला. फ्लॅश पडला तेव्हा हे सतरंजीची घडी घालत होते आणि लेक घ्यायला आली होती. तिने झाड उचललं, सुई टोचली, "मम्मा, यार, ये काटता है!" म्हणाली आणि तरीही खाली ठेवलं नाही. फाटकाबाहेर ई-रिक्षा उभी होती. मी पुढे जाऊन ड्रायव्हरला सांगितलं, जरा सांभाळून घे, गाडीत एक माणूस जास्त आहे.